टॅक्सी थांबते ती माझ्यासाठी

परवा चीनमधल्या ग्वांगझौला शाओबेई मेट्रोच्या बाहेर टॅक्सीसाठी उभे होतो, मी आणि माझा नायजेरियातल्या लागोसचा एक व्यापारी दोस्त. कँटन फेअर म्हणजे इथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाचे दिवस, त्यात पाऊस. दोन रिकाम्या टॅक्स्या सुसाट निघून गेल्या. मी परत हात करणार तर हा गडी कपड्यांच्या दोन भल्यामोठ्या बॅगा ओढत मागच्या खांबाआड जाऊन उभा! म्हणे, तू थांबव, मग मी येतो. तिसरी खरंच थांबली. मी दार धरून ठेवलं, हा पळत आला, आणि ड्रायव्हरने काय करावं, तर चारही काचा खाली. पाऊस आत येतोय, माझी पँट भिजतेय, पण काचा खालीच. बारा वर्षं करतोय म्हणे हे खांबाचं. मला इथे सहा वर्षं झाली आणि एकदाही लक्षात आलं नाही, कमाल आहे.

आता लगेच चायनीज लोकांना शिव्या घालू नका. मला इथे कोणी कधी वाईट वागवलेलं नाही, दुकानदार 'फंग्यो फंग्यो' म्हणजे दोस्त दोस्त करत स्टूल देतात. घरमालकांचंही ऐकलंय मी, परदेशी भाडेकरू आला की 24 तासांत पोलिसांकडे नोंद, व्हिसा संपलेला निघाला की कटकट त्यांनाच. पण 2009 मध्ये व्हिसा चेकिंगला घाबरून एका नायजेरियनने खिडकीतून उडी मारली, 2012 मध्ये ई-बाईकच्या भाड्यावरून भांडण झालं त्यातला माणूस पोलीस कोठडीत मेला, दोन्ही वेळा आफ्रिकन लोक रस्त्यावर उतरले. आणि एप्रिल 2020 मध्ये तर कोरोनाच्या नावाखाली भाडं भरलेल्या लोकांना घराबाहेर काढलं, हॉटेलंही घेईनात. हा दोस्त दोन रात्री पुलाखाली झोपला होता. इथलाच माल कंटेनर भरभरून नेणारा माणूस!

आपण इंडियन तरी कुठे धुतल्या तांदळाचे म्हणा. 2013 ला गोव्यात एका नायजेरियनचा खून झाला, त्याच्या लोकांनी पर्वरीला हायवे अडवला, तेव्हा आपल्या एका मंत्र्याने त्यांना कॅन्सर म्हटलं होतं. पण निदान आपण बोलून तरी दाखवतो, इथे नुसत्या काचा खाली.

तर टॅक्सीत हा म्हणाला, आईला ऑपरेशनला मुंबईला न्यायचंय, महिनाभर हॉटेल कसं परवडणार, एखादी रूम बघ ना तुझ्या ओळखीत. माझा मीरा रोडचा वन बीएचके दिवाळीपासून रिकामा आहे. मागच्या महिन्यात एजंटने एक आफ्रिकन स्टुडंट आणला होता, तेव्हा मीच इथून व्हॉट्सअपवर कळवलं होतं की सोसायटीवाले ऐकणार नाहीत. सोसायटीला विचारलं नव्हतं, पण मला माहितीये ना आमचे सेक्रेटरी काका.

त्याला म्हटलं, हॉस्पिटलच्या जवळच बघू रे, आईला सोयीचं पडेल. मीरा रोडवरून लांबच पडतं सगळं.