ऐन वेळी आठवावं म्हणून

आज दुपारी पुन्हा पॅनिक अटॅक येऊन गेला. आत्ता डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून ठेवते, त्या वेळी काही म्हणता काही सुचत नाही.

माझा अटॅक येतो तो एकदम. बसल्या जागी छाती धडधडायला लागते, 10 मिनिटांच्या आत सगळं शिगेला पोचतं आणि साधारण अर्ध्या तासात उतरतं. दुखतं ते टोचल्यासारखं, बोट ठेवून जागा दाखवता येईल असं. मग हाताच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. या मुंग्यांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची. डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं तेव्हा ती बरीच कमी झाली. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि नसा चाळवतात. कधीकधी बोटं आखडतातसुद्धा. छातीतली धडधड अ‍ॅड्रेनलिनमुळे. म्हणजे जे होतं ते शरीरात खरोखर होत असतं. ‘मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो यासाठी.

हार्ट अटॅकचं दुखणं बहुतेकदा वेगळं असतं. छातीच्या मधोमध दाब येतो, आवळल्यासारखं होतं, नेमकी जागा सांगता येत नाही. ते डाव्या हातात (कधी दोन्ही हातांत), खांद्यात, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात सरकतं. दरदरून गार घाम फुटतो. पॅनिकसारखं ते शिगेला जाऊन आपोआप उतरत नाही, टिकून राहतं किंवा वाढत जातं. चालताना, जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, तेही हृदयाचंच लक्षण असू शकतं. ते अंगावर काढायचं नाही.

पण एवढ्यावर भरवसा ठेवला तर घात होईल. घाम, मळमळ, धाप, चक्कर आणि ‘आता आपण मरणार’ ही भीती दोन्हीकडे असते. बायकांना, मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना छातीत फारसं न दुखताही हार्ट अटॅक येतो. नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं, अपचन झालंय असं वाटतं. पहिल्या ईसीजीत काही दिसलं नाही म्हणून लगेच घरी पाठवता येत नाही, तेही याचसाठी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण त्याला काही तास लागतात. म्हणून रक्त पुन्हा तपासतात. तज्ज्ञांना तपासण्या करून जे ठरवावं लागतं, ते घाबरलेल्या माणसाने घरात बसून ठरवावं ही अपेक्षाच मला क्रूर वाटते. पहिल्यांदा असं झालं तर हॉस्पिटल गाठायचं, तेही स्वतः गाडी न चालवता. निघाला पॅनिक अटॅक, तर निघू दे. त्यात लाजायचं काय?

माझं हृदय तपासून झालंय, म्हणून ओळखीचा अटॅक आला की मी बसून श्वास सावकाश सोडते. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला मात्र पाळत नाही. त्रास खरंच हृदयाचा किंवा फुप्फुसांचा असला तर त्याने ऑक्सिजन कमी पडून धोका वाढतो.

घरच्यांनाही आज पुन्हा सांगितलं की पॅनिकचा त्रास असलेल्या माणसालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं असलं, हातात किंवा जबड्यात गेलं, काही मिनिटांत हटलं नाही किंवा मला भोवळ आली, तर मी ‘नेहमीचंच आहे’ म्हटलं तरी ऐकायचं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची.

एक गोष्ट डॉक्टरांना विचारायची राहिली आहे. आजची धडधड बटण दाबल्यासारखी सुरू झाली आणि तशीच खटकन थांबली. हृदयाच्या विद्युतप्रवाहातल्या बिघाडानेही, म्हणजे एसव्हीटीनेही, असं होतं आणि पुष्कळदा ते पॅनिक समजलं जातं. धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळाला तरच ते नक्की कळतं. उद्या फोन करून होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सलग ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावायचं विचारते.