अर्धा झोन

सकाळी इनक्युबेटर उघडला आणि पहिलीच प्लेट हातात घेतली तर लिस्टेरिया इनोक्युआ या चाचणीच्या जंतूच्या दुधट थरात वेलभोवती (आमच्या बॅक्टेरियाचं द्रव भरलेल्या छोट्या खड्ड्याभोवती) काचेसारखं स्वच्छ गोल, म्हणजे झोन, तिथे लिस्टेरिया वाढलाच नव्हता! मी जवळजवळ ओरडलेच, "मॅडम, बॅक्टेरिओसिन मिळालं!" बॅक्टेरिओसिन म्हणजे एका बॅक्टेरियाने दुसऱ्याला मारायला सोडलेलं प्रोटीन. त्यांनी प्लेट उजेडात धरली, फिरवली आणि म्हणाल्या, "अगं, नुसतं ॲसिडही असेल. आधी न्यूट्रल कर."

बरोबरच होतं. हे बॅक्टेरिया आम्ही आंबवलेल्या कोबीतून काढलेले, त्यात सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक या बॅक्टेरियाचा जोर असतो, बुडबुडे येतात, मग आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि प्लँटारम नावाचा दुसरा बॅक्टेरिया ताबा घेतो, आणि सगळेच भरपूर लॅक्टिक ॲसिड सोडतात. काही जण तर हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा. या दोन्हींनीही लिस्टेरिया थांबतो. त्यामुळे नुसता झोन बघून काहीच ठरवता येत नाही.

मग आठही आयसोलेट्सचं (कोबीतून वेगळ्या काढलेल्या बॅक्टेरियांचं) कल्चर सेंट्रिफ्यूज केलं, वरचं पाणी घेतलं, थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ६.५ ला आणला, पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज घातलं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलं आणि पुन्हा वेलमध्ये भरलं. प्रत्येक वेलच्या उजव्या बाजूला थोड्या अंतरावर प्रोटिनेज के या प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमचा एक थेंब. बॅक्टेरिओसिन म्हणजे प्रोटीनच ना, ते असेल तर एन्झाइम त्याला खाणार.

दुसऱ्या दिवशी सात वेलभोवती काहीच नाही, झोन साफ गायब. आठव्याला मात्र होता, आधीपेक्षा लहान, डावीकडे छान गोल आणि उजवीकडे, एन्झाइमच्या बाजूला, चाकूने कापल्यासारखा सपाट. अर्धचंद्रच म्हणा. मी कितीतरी वेळ ती प्लेट हातात धरून उभी होते, कारण निसिन हे बॅक्टेरिओसिन १९२८ पासून माहीत आहे, पुस्तकात शंभरदा वाचलंय, पण स्वतःच्या प्लेटवर प्रोटीन असं "दिसणं" वेगळंच.

बाकीचे सात टाकून देऊ का असं कुणीतरी विचारलं, तर मी नाही म्हटलं. हेच बॅक्टेरिया फिनाइललॅक्टिक ॲसिडही बनवतात, ते बुरशीला रोखतं, आणि २०१९ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं की त्याचा डी प्रकार (रेणूच्या एकमेकांच्या आरशातल्या दोन रूपांपैकी एक) आपल्या इम्यून पेशींवरच्या एचसीए३ या रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रोटीनला, जाऊन लागतो, आणि हा रिसेप्टर फक्त माणसात आणि चिंपांझी, गोरिलासारख्या मोठ्या एप वानरांत असतो. हे लिस्टेरियाच्या प्लेटवर दिसणार कुठून? ग्लिसरॉल घालून आठही उणे ८० अंशांना गोठवून ठेवले.