त्या खटल्यातला आरोपी मी नव्हतो

जॉइनिंगला बारा दिवस उरले असताना एच.आर.चा फोन आला, "सर, तुमच्या नावावर निफाड कोर्टात क्रिमिनल केस दिसतेय." आई समोरच भाजी निवडत होती. तिला काय सांगावं ते सुचेना.

कंपनीने पडताळणीचं काम एका एजन्सीला दिलं होतं. एजन्सीने पोलिसांकडे विचारणाच केली नव्हती. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांतल्या केसेस शोधायच्या सरकारी वेबसाइटवर, नाव आणि वर्ष टाकून जे सापडलं, ते माझ्या खात्यावर मांडलं. त्या यादीत पक्षकारांची नावं दिसतात, जन्मतारीख नाही. आणि माझं नाव-आडनाव असं, की शाळेत एकाच वर्गात आम्ही दोघे होतो!

मामा वकिली करतात. केस नंबर बघून म्हणाले, "एस.सी.सी. आहे, म्हणजे किरकोळ फौजदारी केस. बहुतेक चेक परत गेल्याची, कलम १३८ची. अरे, केस असणं वेगळं आणि शिक्षा होणं वेगळं. पण आधी हा माणूस तू नाहीस, हे कागदावर आणू." त्यांनी कोर्टात केसच्या कागदांच्या नकलेचा अर्ज केला. नक्कल हातात आली तेव्हा मी पहिल्यांदा वडिलांचं नाव वाचलं. वेगळं होतं. गाव वेगळं, वय ५२. मी २९ वर्षांचा.

माझ्यावर गुन्हा नोंद नाही, अशा पोलिसांच्या दाखल्याचं प्रकरण निराळंच. सिडकोतलं आमचं घर अंबड पोलीस ठाण्याच्या हद्दीत, म्हणजे शहर आयुक्तालयात. त्याआधी राहायचो ते गाव नाशिक ग्रामीणमध्ये, पोलीस अधीक्षकांकडे. जिल्हा एक, पोलीस दलं दोन. एजन्सीला दोन्ही पत्ते हवे होते, म्हणून अर्जही दोन केले. ठाण्यात आधार, लाइट बिल, शाळा सोडल्याचा दाखला दाखवला. तिथल्या हवालदारांनी वडिलांचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. (परदेशी जाणाऱ्यांनी हा दाखला काढू नये. त्यांचा पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, ५०० रुपये भरून.)

नक्कल आणि दोन्ही दाखले पाठवल्यावर माझ्या नावापुढचा केसचा शेरा निघाला. नऊ दिवस उशिरा रुजू झालो.

एजन्सीच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकानाच नव्हता. तो वाढवा, असं मी एच.आर.ला लेखी दिलं. पुढच्या बॅचच्या फॉर्मवर तो आला.