क्लेमोर घरी आणताना

भिंतीवर लावायला क्लेमोर, म्हणजे स्कॉटलंडची मोठी तलवार, घ्यायची हे पक्कं होतं, घोडं अडलं ते कुठली घ्यायची यावर. एडिंबराच्या दुकानांत दोन प्रकार हमखास दिसतात. एक स्कॉटलंडचा स्वातंत्र्ययोद्धा विल्यम वॉलेस याच्या नावाने विकली जाणारी. तिची मूळ तलवार स्टर्लिंगजवळच्या वॉलेस स्मारकात आहे, लांबी १.६३ मीटर. वॉलेसला १३०५ साली मारलं. ही तलवार मात्र नंतरच्या काळातली दिसते, असं अनेक जाणकारांचं मत. दुसरी हायलँडची, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली, १६व्या शतकातल्या घाटाची. मुठीखालची आडवी दांडी दोन्हीकडून पात्याच्या दिशेने उतरती, टोकांना चार-चार कड्यांची जाळीदार फुलं. मला हीच हवी होती.

आधी राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन अस्सल पाहून आलो, ते फार बरं झालं. दोन्ही हातांनी चालवायची ही तलवार साधारण १४० सेंटीमीटर लांब, पण वजन जेमतेम अडीच किलो. पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. दुकानातल्या स्वस्त प्रती हातात घेतल्या की फरक कळतो: पातं शेवटपर्यंत सारखंच जाड, सगळा भार पुढे.

मुठीच्या आत काय आहे, हे विचारलंच पाहिजे. सजावटीच्या तलवारींत बहुधा पात्याला एक बारीक सळई वेल्ड करून ती मुठीत घातलेली असते. भिंतीवर चालतं. हवेत फिरवली तर जोडावर तुटून पातं सुटू शकतं. मी तशीच घेतली, स्टेनलेस स्टीलची. कार्बन स्टीलला इथल्या दमट हवेत सतत तेल लावत कोण बसणार?

मग कागदपत्रं. स्कॉटलंडमध्ये तलवार विकायला दुकानदाराला परवाना लागतो आणि १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद. माझं ओळखपत्र पाहिलं, पत्ता लिहून घेतला, कशासाठी हवी तेही विचारलं. ‘सजावट’ म्हणालो. वाकड्या पात्याच्या लांब तलवारींवर इथे जास्त कडक निर्बंध आहेत. क्लेमोर सरळ, म्हणून तो प्रश्न आला नाही. पण धार नसली तरी सबळ कारणाशिवाय पातं घेऊन रस्त्यावर फिरणं गुन्हाच. म्हणून खोकं चिकटपट्टीने बंद, पावती खिशात, आणि टॅक्सीने थेट घर.

खरा वेळ खाल्ला भिंतीने. आमची इमारत जुनी, आतून लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. नुसत्या गिलाव्यात स्क्रू मारला तर तलवारीसकट खाली येणार. टकटक करत मागचे उभे वासे शोधले, घरमालकाची परवानगी घेतली, मगच आकडे बसवले.

आईने व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहायला सांगितलं. वाहिलं, पण पात्यालाच. मुठीच्या चामड्यावरचा कुंकवाचा डाग निघत नाही.