सही माझी

एका रविवारी मी फोनवर बोलत होते आणि माझी नववीतली मुलगी शेजारी बसून वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई, तू चार मिनिटांत सात वेळा 'सॉरी' म्हणालीस. आणि तो तुझ्या हाताखाली आहे ना?"

होता खरा. उद्या शिफ्टला अर्धा तास लवकर ये, एवढंच त्याला सांगायचं होतं. हीच मी कळव्याच्या बाजारात "मावशी, हे बोंबील कालचे आहेत, मला नका शिकवू" असं तोंडावर सांगते. म्हणजे आवाज नव्हता असं नाही, कामावर जायला रबाळ्याला उतरेपर्यंत तो कुठेतरी गळून पडायचा. (कळव्याहून एक स्टेशन उलटं ठाण्याला जायचं आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग होईल तेव्हा होईल.)

रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी टॅब्लेट सेक्शनला आहे. ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजमधून बी.एस्सी. केमिस्ट्री केलं. औषध बनवण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्याला एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता लागते. फार्मसीवाल्यांना त्यासाठी 18 महिन्यांचा अनुभव पुरतो, आम्हा बी.एस्सी.वाल्यांना 3 वर्षांचा लागतो. ती मान्यता मला कधीच मिळाली होती. पण शिफ्ट इन्चार्ज केल्यावर नऊ माणसं माझ्याकडे बघायला लागली आणि पंचाईत झाली. त्यातले ऑपरेटर काका माझं लग्न व्हायच्या आधीपासून कॉम्प्रेशन मशीन, म्हणजे दाणे दाबून गोळ्या बनवणारं मशीन, चालवतायत. आसनगावहून पहाटेच्या लोकलने येतात. खूश असले की मला "ताई" म्हणतात आणि चिडले की "मॅडम".

कंपनीने वाशीच्या एका हॉटेलात आमच्यासाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. सर म्हणाले, रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगा, मी लीडर आहे. जेवण छान होतं. आमच्याकडे सकाळी सहाला आरशासमोर उभं राहायला नंबर लागतो, त्यामुळे पुढचं काही जमलं नाही.

त्यापेक्षा मुलीच्या रेघा कामाला आल्या. मी स्वतःचंच बोलणं ऐकायला लागले. "काका, आपण जरा बघूया का, म्हणजे तुम्हाला वाटत असेल तर..." माझी सगळी वाक्यं अशीच. सुरुवात माझी आणि शेवट समोरच्याच्या हवाली. मराठीत ही सोय फार आहे. "करा" म्हणण्याऐवजी "करूया", "करूया"ऐवजी "करूया का", आणि तेही जड वाटलं तर "बघा बुवा". वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहो करतानाही "थांबवा" म्हणता येतं, त्यात उद्धटपणा नाही, हे व्याकरण मला येत होतं. जीभ वळत नव्हती.

इन्चार्ज होऊन तिसराच आठवडा होता. गोळीचं वजन तपासताना 20 गोळ्या एकेक करून तोलतात. 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून जड गोळी असेल तर सरासरीपासून 5 टक्क्यांपेक्षा जास्त फरक दोनहून अधिक गोळ्यांत चालत नाही, आणि 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक एकीतही चालत नाही. कंपनीची आतली मर्यादा याहून घट्ट असते. त्या दिवशी आकडे वर-खाली नाचत होते. मी हिय्या करून म्हटलं, "थांबवा." मशीन थांबलं. दाणे ओतायचा हॉपर बघितला, ते पुढे साच्यात सोडणारी फीड फ्रेम काढली, गोळी दाबणारे पंच तपासले, कशात काही सापडेना. शेवटी क्वालिटीच्या मुलीने वजनकाट्याकडे बोट दाखवलं. काट्याची काच बोटभर उघडी राहिली होती आणि बरोबर वर हवेची जाळी होती. नाचत होता तो काट्यावरचा आकडा, गोळ्या नीटच होत्या.

जवळजवळ दोन तास गेले. काका एवढंच म्हणाले, "मॅडम, काटा आधी बघायचा."

हे बॅचच्या कागदावर लिहावं लागतं. आमच्याकडे व्हाइटनरला बंदी आहे. चुकीची नोंद एकाच आडव्या रेघेने खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही आणि तारीख. गिरवून गिरवून काळं करायचं नाही. मशीन थांबण्याचं कारण मी घाईत "वजनात तफावत" असं लिहून बसले होते. त्यावर रेघ मारली, बाजूला "काट्याची काच उघडी" असं लिहिलं आणि सही केली. हात थरथरत होता, ती सही माझ्या बँकेच्या सहीशी जुळली नसती. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला हे झेपणार नाही. तो म्हणाला, "उद्या डबा काय देऊ?" तो असाच आहे.

पण त्या चुकीने माझं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त तिच्या धास्तीने केलं. जुलै होता, पाऊस धो धो. हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर ट्रिप होऊन बंद पडला आणि खोलीतली आर्द्रता चढायला लागली. ओलसर दाणे पंचाला चिकटतात. गोळीवर ए, बी, ओ असं पोट असलेलं अक्षर कोरलेलं असेल, तर पोटातला भाग पंचालाच राहतो आणि अक्षर तुटकं उमटतं. आम्ही त्याला पिकिंग म्हणतो. ट्रेमधल्या एका गोळीवर मला ते दिसलं. एकाच. तोंडाशी आलं होतं, थांबवा. पण लगेच ती उघडी काच आठवली. म्हटलं, "काका, बघूया जरा वेळ."

वीस मिनिटं बघितलं.

आमच्या मशीनला 27 पंच आहेत आणि त्या दिवशी ते मिनिटाला 30 फेरे घेत होतं. म्हणजे मिनिटाला 810 गोळ्या, वीस मिनिटांत 16,200. त्या सगळ्या बाजूला काढून तपासणीच्या टेबलावर गेल्या. तिथे कंत्राटावरच्या चार बायका दिवसभर ट्यूबलाइटखाली एकेक गोळी बघत बसल्या. संध्याकाळी त्यांच्यातली एक मान चोळत म्हणाली, "मॅडम, दिसलं होतं ना तुम्हाला?" तिला कुणी सांगितलं कोण जाणे. वरिष्ठांची बोलणी मी विसरले, हा प्रश्न अजून विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांना सरळ विचारलं, "तुम्हाला माझ्या आधी कळलं असणार. बोलला का नाहीत?" काका डब्यातलं वालाचं बिरडं चमच्याने हलवत बसले. मग म्हणाले, "ताई, मशीन थांबलं की वरून पहिला प्रश्न येतो, कोणी थांबवलं. का थांबवलं, ते नंतर. इतक्या वर्षांत मी दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा बरोबर होतो, तरी दोन्ही वेळा केबिनमध्ये उभा राहिलो."

माझी समजूत अशी होती, की बाई आहे, वयाने लहान आहे, म्हणून ही माणसं मला जुमानत नाहीत. थोडं तेही असेल, नाही म्हणत नाही. पण मुख्य भानगड ही होती. जो थांबवेल त्याच्या अंगावर येणार, म्हणून सगळेच एकमेकांकडे बघत गप्प. त्यात मीही एक.

मी म्हटलं, "काका, यापुढे शंका आली की थांबवा. सही माझी." पूर्ण वाक्य, शेवटी "का" नाही. बोलून झाल्यावर माझंच मला ऐकू आलं.

लगेच काही बदललं नाही. आठ-दहा दिवसांनी काकांनी पहिल्यांदा थांबवलं. खालचा एक पंच घट्ट चालत होता. त्यांना आवाजावरून कळलं, मला आजही कळलं नसतं. केबिनमधून बोलावणं आलं. मी गेले, कागद पुढे ठेवला, म्हटलं, "मी थांबवायला सांगितलंय." पुढे विचारलेल्या तीनपैकी दोन प्रश्नांना "बघून सांगते" असं उत्तर दिलं आणि खरंच बघून सांगितलं. सॉरी एकदा म्हणाले, ते दार आपटलं म्हणून.

काकांकडून मशीनचा आवाज शिकतेय. हे आधी कमीपणाचं वाटायचं, इन्चार्जने ऑपरेटरला काय विचारायचं! आता मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसते, ते डोळे मिटायला सांगतात आणि विचारतात, "काय ऐकू येतंय?" बहुतेक वेळा मला नुसता खडखडाट ऐकू येतो.

गेल्या आठवड्यात आमचा जौनपूरचा हेल्पर धावत एअरलॉकमधून बाहेर आला, डोक्यावरची टोपी कानावर सरकलेली. "मॅडम, मैंने मशीन रोक दी." काका चहाला गेले होते, ते तसेच माझ्यामागून आत आले. गोळीवर त्याला काळा ठिपका दिसला होता. ट्रे उजेडात धरला, भिंग लावलं. ठिपका ट्रेवरच्या ओरखड्याचा होता, गोळ्या स्वच्छ. पोरगा भिंतीला टेकून उभा, चेहरा उतरलेला.

अकरा मिनिटं मशीन बंद होतं. मी वेळ लिहिली, कारण लिहिलं, सही केली. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी वाकून आधी काट्याची काच बघितली आणि मग हिरवं बटण दाबायला त्या पोरालाच पुढे केलं.