ओळ क्रमांक ३१

मिसळीची तर्री पसरट भांड्यात मरते, हे मला हॉटेलच्या किचनची सामग्री विकायला लागून १७ वर्षं झाल्यावर कळलं. तेही समोर ४८ माणसं ताटं घेऊन बसलेली असताना.

गिऱ्हाईक नाशिकच्या सातपूरचं. पत्र्याच्या शेडमधली मिसळ, रात्रपाळी सुटलेली माणसं सकाळी सातलाच बाकावर हजर. काकू रस्सा करतात, मुलगा गल्ल्यावर. मुलाने गंगापूर रोडला मोठा गाळा घेतला. पुढे एसी हॉल, मागे किचन. मला बोलावलं तेव्हा फरशी बसली होती, झुंबर टांगलं होतं, भिंतीवर वाड्याचं चित्रही रंगवून झालं होतं. इंटिरियरवाल्यांचं हे नेहमीचं. ड्रेनेजचा पाइप फरशीखाली गाडून झाला की मग विचारणार, सिंक कुठे ठेवायचं?

मुलगा पहिल्या भेटीलाच खिशात चुंबक घेऊन आला. चिकटलं नाही म्हणजे ३०४ स्टील, चांगल्या प्रतीचं, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेलं. मी त्याला दोन पत्रे दिले. चुंबक दोन्हीला चिकटलं नाही. मग दोन्हीवर तपासणीच्या द्रावाचा एकेक थेंब टाकून त्याला बॅटरीचा करंट दिला. एका पत्र्यावरचा थेंब लाल झाला. तो २०२, स्वस्तातला. मिठाच्या, आंबटाच्या कामाला वर्षा-दोन वर्षांत डाग धरतो. पोरगं गप्प झालं आणि ऑर्डर माझी झाली. हा खेळ मी दर महिन्याला करतो आणि मला तो फार आवडतो, हेही सांगून टाकतो.

त्याला हॉलमध्ये दिसेल असं काउंटर हवं होतं. पुढून वाकवलेली काच, आत रस्सा, उसळ, बटाट्याची भाजी, वरून पिवळा दिवा. बेन मारी म्हणतात त्याला. खाली पाण्याचा हौद, पाण्यात हीटर, वर चौकोनी डबे. जिन्नस शिजवायचा मागेच, इथे तो फक्त ६० अंशांच्या वर गरम राहतो. अंबडच्या वर्कशॉपमध्ये मी स्वतः दोन दिवस उभं राहून ते करून घेतलं. वरचा पत्रा जाड, १६ गेजचा, सांधे आर्गॉन वेल्डिंगचे आणि असे घासलेले की नख फिरवलं तरी अडकू नये. त्याच्याइतकं देखणं काउंटर मी आजवर दिलेलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या रविवारी चाचणी होती. नातेवाईक आणि सातपूरचं जुनं गिऱ्हाईक. पहिल्या दहा-बारा ताटांत लालभडक तर्री. पुढच्या ताटांत रस्सा पांढरट पडत गेला. एक जण म्हणाला, "काकू, चटका नाही आज." काकू पदर खोचून बाहेर आल्या, डब्यात पळी घातली आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊ, ह्यात तर्री उचलायची कुठून? पळीत निम्मं पाणीच येतंय."

नंतर बसून हिशेब केला. शेडमध्ये त्यांचा ४० लिटरचा टोप, तोंड साधारण १६ इंचांचं. तेवढाच रस्सा मी सहा इंच खोल अशा दोन पसरट डब्यांत ओतायला लावला होता. दोन्ही डब्यांचं तोंड मिळून टोपाच्या पावणेतीन पट. तेल तेवढंच, म्हणजे तवंग तेवढ्याच पटीने पातळ. शिवाय पाण्याच्या हौदावर रस्स्याला उकळी येतच नाही, मग तेल हलून पुन्हा वर कसं येणार? शेडमध्ये टोपाखाली मंद जाळ असतो, कडेने बुडबुडे येत राहतात आणि काकू पळी आडवी धरून वरचा थर उचलतात. हे मी शंभर वेळा खाताखाता पाहिलं होतं.

हे चालू असतानाच हॉल तापायला लागला. एसी दोन्ही चालू, तरी माणसं घामाघूम. किचनचं दार वेटरला दोन हातांनी ओढावं लागत होतं. मला कारण लगेच कळलं. भट्ट्यांवरचं धूर ओढणारं हुड ८ बाय ४ फुटांचं, ढोबळ हिशेबाने मिनिटाला ३२०० घनफूट हवा बाहेर फेकणारं. फेकलेल्या हवेच्या जागी ताजी हवा आत आणणारा वेगळा पंखा लागतो, फेकलेल्याच्या साधारण ८० टक्के तरी हवा देणारा. तो नव्हता. म्हणून हुड हॉलमधली एसीची हवा ओढून गच्चीवर सोडत होतं. वेटरांपैकी एकाने डोकं चालवलं आणि हुडचा एक्झॉस्ट बंद केला. हॉल गार व्हायला लागला. तेवढ्यात आत काकूंनी नव्या रस्स्याची मिरचीची फोडणी टाकली.

ठसका सगळ्या हॉलभर. एक आजोबा खुर्चीवरून उठून थेट रस्त्यावर गेले. तान्ह्या बाळाला घेऊन एक बाई गाडीत जाऊन बसली.

रात्री मुलगा माझ्यावर भडकला, पण बेन मारीवरून. "एवढे पैसे घेतले, मिसळ कळत नाही तर काउंटर कशाला विकता?" बरोबरच होतं. मी दोन्ही डबे काढले, पत्रा गोल कापला, भांडी बाजारातून उंच टोप आणला आणि खाली इंडक्शन बसवलं. पदरचे पैसे घातले. नख अडकत नव्हतं त्या पत्र्याला ग्राइंडर लावताना वर्कशॉपचा पोरगासुद्धा हळहळला. मंगळवारी तर्री परत आली.

ताज्या हवेच्या पंख्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मी विषय काढला तर म्हणाला, "तुम्हीच ऑप्शनल लिहिलं होतं ना?"

लिहिलं होतं. कोटेशनच्या ३१ व्या ओळीत, ताज्या हवेचा पंखा आणि डक्ट, ६० ते ७० हजार, पुढे कंसात ऐच्छिक. तो कंस माझा. एकूण आकडा बघून त्याचा चेहरा पडेल आणि तो दुसऱ्याकडे जाईल असं वाटलं, म्हणून टाकलेला. झुंबर त्याहून महाग होतं. तर्रीचं मला खरोखर माहीत नव्हतं, त्याची भरपाई मी केली आणि शिव्याही खाल्ल्या. पंख्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्याबद्दल मला कोणीच काही म्हणालं नाही.

मागच्या आठवड्यात तिथे मिसळ खाल्ली. तर्री झक्कास, पापड कुरकुरीत, हॉल गारेगार. पैसे द्यायला गल्ल्याकडे गेलो तर किचनचं दार उघडं होतं. एक्झॉस्टच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावलेली, त्यावर पेनाने लिहिलेलं: गर्दीत बंद ठेवणे. आत काकू तोंडाला पदर लावून फोडणी घालत होत्या.