मला जाहिराती हव्या होत्या

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. मोटार शर्यत रेकॉर्डला लावायची असेल तर संपायची वेळ कधीही टीव्हीच्या वेळापत्रकावर सोडू नका. पुढे तीन तास वाढवा, जमलं तर चार. मी अर्धा तास वाढवला होता आणि फार हुशारी केली असं मला वाटत होतं.

मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळच्या कॉन्कर्डला राहतो. शार्लट मोटर स्पीडवे घरापासून दोन मैलांवर. नॅसकार म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या, वरून साध्या गाडीसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या, स्पर्धा भरवणारी संस्था. तिच्या बहुतेक टीम्सची वर्कशॉप्स याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे इथे स्टॉक कार शर्यतींचं वेड कोल्हापुरातल्या कुस्तीसारखं, घरोघरी. मीही आधी "काय ते गोल गोल फिरणं" म्हणून हसायचो. मग ऑफिसातल्या एकाने ट्रॅकवर नेलं, कानाला हेडफोन लावून ड्रायव्हर आणि त्याच्या स्पॉटरचं (उंचावरून ट्रॅक बघून त्याला रेडिओवर वाट सांगणाऱ्याचं) बोलणं ऐकवलं. तेव्हापासून रविवार गेला तो गेलाच.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक वहिनी जानेवारीत म्हणाल्या, "भावजी, दरवर्षी 'यंदा देतो' म्हणता. त्या गाड्यांवर तरी लिहा." मी म्हटलं, गाड्यांवर नाही, गाड्या टीव्हीवर कशा दाखवतात त्यावर लिहितो. परीक्षण. वर्षही तसंच जुळून आलं होतं. २०२५ पासून सात वर्षांचा नवा प्रक्षेपण करार सुरू झाला आणि कप ही नॅसकारची सगळ्यात वरची मालिका चौघांत वाटली गेली: आधी फॉक्स, मग पाच शर्यती अ‍ॅमेझॉन प्राइमवर, पाच टीएनटीवर आणि शेवटचा टप्पा एनबीसीवर. एकच खेळ चार स्वयंपाकघरांत शिजणार. परीक्षण करणाऱ्याला आणखी काय हवं?

सोप्या गोष्टी पटापट ठरल्या. समालोचन कसं, कॅमेरा पुढच्याच गाडीला चिकटून राहतो की बाराव्या नंबरची झुंजही दाखवतो, पडद्यावरची क्रमवारी वाचता येते की नाही. खरा मुद्दा होता जाहिरातींचा. क्रिकेटमध्ये ओव्हर संपते, विकेट पडते, तेवढ्यात साबण विकून घेतात, आपलं काही बुडत नाही. इथे गाड्या थांबतच नाहीत. अपघात वगैरे झाला की पिवळा झेंडा पडतो, गाड्या संथ होतात, तेवढीच उसंत. हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे शर्यत जोरात असताना, जाहिरात लागली की तेवढी शर्यत गेली. परत येता तेव्हा पाचवा होता तो पहिला झालेला असतो, आणि कसा झाला ते समालोचक तोंडी सांगतो. २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडले, टप्पा संपला की ठरलेला पिवळा झेंडा. त्या वेळेत जाहिराती उरकता येतात, हा त्यातला एक हिशोब. पण सगळ्या काही तिथे मावत नाहीत.

म्हणून मी मोजायचं ठरवलं. जाहिरात लागली तेव्हा कितवी फेरी, संपली तेव्हा कितवी. आणि इथेच पहिला घोळ लक्षात आला: मोजायचं मिनिटांत की फेऱ्यांत? फ्लोरिडातल्या डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा, घोळक्याने पळताना एका फेरीला पन्नासेक सेकंद लागतात. तीन मिनिटांच्या जाहिराती म्हणजे साडेतीन फेऱ्या. शार्लटचा ट्रॅक दीड मैलाचा, तिथे तेवढ्याच वेळात सहा जातात. ब्रिस्टल जेमतेम अर्ध्या मैलाचं, तिथे अकरा-बारा! जाहिरात तीच, फटका वेगळा. मी दोन्ही लिहायचं ठरवलं आणि रकाने आखलेली वही घेतली.

१६ फेब्रुवारी, डेटोना ५००, म्हणजे डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत. त्याच दिवशी मंडळाची शिवजयंती, आणि ध्वनिव्यवस्था माझ्याकडे. पावसाचा अंदाज होता म्हणून शर्यत तासभर अलीकडे, दीड वाजता आणली होती. ते मी सकाळी पाहिलं, सुरुवातीची वेळ बदलली, शेवटाला अर्धा तास जोडला आणि निर्धास्त होऊन पोवाड्याचे माइक लावायला गेलो. दिवसभर फोनवर निकाल पाहिला नाही. रात्री घरी येऊन टीव्ही लावला. राष्ट्राध्यक्षांच्या लिमोझिनने ट्रॅकवर फेऱ्या मारलेल्या, हिरवा झेंडा, थोड्याशा फेऱ्या, आणि पाऊस. मग तासन् तास ट्रॅक वाळवणारे ट्रक. मी ते पुढे पळवले. शर्यत पुन्हा सुरू झाली, दोनशेपैकी निम्म्या फेऱ्याही झाल्या नव्हत्या, जाहिरात लागली. पिकअप ट्रक चिखलातून वर चढतोय, गंभीर आवाजाचा माणूस म्हणतोय, "कारण तुम्ही..." आणि चित्र गोठलं. रेकॉर्डिंग संपलं. पावसाने तीन तासांहून जास्त वेळ खाल्ला होता. माझा अर्धा तास त्यात कुठल्या कुठे विरघळला. यादीत मात्र शर्यतीपुढे हिरवी टिकली होती: "पूर्ण".

आता माझ्या टीव्ही सेवेबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

दुसऱ्या दिवशी चॅट उघडलं. म्हटलं, तुमच्याकडे सगळंच क्लाउडवर असतं, उरलेले तास कुठेतरी असतीलच.

"तुम्हाला शर्यत पुन्हा पाहायची आहे, समजलं," पलीकडून उत्तर. "आनंदाची बातमी! आमच्याकडे निवडक क्षणांची आवृत्ती आहे. त्यात जाहिराती नाहीत."

"मला जाहिराती हव्या आहेत."

ते तीन ठिपके बराच वेळ नाचत राहिले.

"तुम्हाला जाहिराती नको आहेत, हे मी समजू शकते. त्यासाठी आमचा वरचा प्लॅन घेता येईल."

मी पुन्हा समजावलं. प्रसारित झाली तशीच शर्यत हवी, जाहिरातींसकट, कारण मला त्या मोजायच्या आहेत. पुन्हा ठिपके. मग एक फॉर्म आला, "अपूर्ण रेकॉर्डिंगची तक्रार". तो भरायला बसलो. कार्यक्रमाचं नाव, तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. ही शेवटची वेळ यादीतून निवडायची होती आणि यादी सहा वाजता संपत होती, कारण वेळापत्रकाप्रमाणे कार्यक्रम अर्ध्या तासासकट सहालाच संपतो. शर्यत प्रत्यक्षात अंधार पडल्यावर, दिव्यांखाली संपली होती. पण अंधार त्या यादीत नव्हता. सहा टाकले की उत्तर लगेच: "तुमचं रेकॉर्डिंग सहा वाजेपर्यंतचं आहे. तक्रार निकाली." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी 'इतर माहिती'च्या चौकटीत पावसाची अख्खी हकीगत लिहिली. चौकट दोनशे अक्षरांची होती, त्यामुळे ती "पाऊस थांबल्यावर" इथेच थांबली.

मग फोन. ४७ मिनिटं तीच बासरी. ज्याने उचलला तो मुलगा बिचारा सज्जन होता, चूक त्याची नव्हतीच. त्याने विचारलं, "जाहिराती कशासाठी हव्यात, सर?" मी म्हटलं, मोजायला. "तुम्ही जाहिरात क्षेत्रात आहात का?" मी कंटाळून "असंच समजा" म्हटलं. ही माझी चूक. असं कुणीही कधीही म्हणू नये. त्याने माझी तक्रार जाहिरात विक्री विभागाकडे पाठवली. आठवड्याने तिथून सुरेख ईमेल: तुमच्या व्यवसायाची माहिती कळवा, तिमाहीचं बजेट किती, कोणत्या वयोगटापर्यंत पोहोचायचं आहे. बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "कळव ना, वयोगट पंचेचाळीस, बजेट शून्य."

पुढचा महिना मी दर शनिवारी तक्रार क्रमांक घेऊन बसायचो. अकरा आकडी, पाठ झाला होता. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. पाऊस, अर्धा तास, नाही, निवडक क्षण नकोत. एकदा तर माझाच तोल गेला, आवाज चढला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण मी एका पिकअप ट्रकच्या जाहिरातीसाठी भांडत होतो. एप्रिलमध्ये पाच डॉलर खात्यात जमा झाले आणि निरोप आला की प्रश्न सुटला आहे. खाली पाच चांदण्या, आम्हाला किती द्याल? मी एक दिली. तर त्यांनी विचारलं, "आम्ही कुठे कमी पडलो?" चौकट पुन्हा दोनशे अक्षरांची.

सुटका झाली ती शेजाऱ्याकडून, आणि तीही गवत कापताना. शेजारी सत्तरीचा, निवृत्त मेकॅनिक. १९७९ची डेटोना त्याने घरात बसून पाहिली होती, सीबीएसने पाचशे मैल पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली तीच. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, रिचर्ड पेटी जिंकला आणि गवतावर मारामारी जुंपली. मी माझं रडगाणं गायलो. त्याने मशीन बंद केलं आणि म्हणाला, "माझ्याकडे आहे की."

त्याच्या छपरावर अँटेना आहे. फॉक्स त्यावर फुकट दिसतं (फॉक्सचंच केबलवरचं एफएस१ दिसत नाही, हेही लक्षात ठेवा, काही शर्यती तिकडे असतात). अँटेनाला रेकॉर्डर जोडलेला, आणि तो शर्यत लावतो ती सरळ मध्यरात्रीपर्यंत. गॅरेजमध्ये व्हिडिओ कॅसेटची फळी आहे, प्रत्येकीच्या कडेवर मार्करने साल लिहिलेलं. २००१ ची डेटोनाही आहे. फॉक्सची ती पहिलीच, समालोचन करणाऱ्या डॅरेल वॉल्ट्रिपचा भाऊ मायकेल जिंकतोय आणि मागे शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टची गाडी भिंतीवर. त्यात अर्नहार्ट गेला. ती कॅसेट तो लावत नाही.

दोन शनिवार आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसून डेटोना पाहिली. मी वही घेऊन, तो माझ्या वहीकडे बघत. शेवटी आमची मोजणी जुळेना. मी पडद्याचे दोन भाग करून दाखवलेल्या जाहिराती वेगळ्या रकान्यात धरत होतो, तो म्हणे त्या मोजायच्याच नाहीत, गाड्या दिसतात ना कोपऱ्यात! कोपऱ्यात दिसतात, पण आवाज जाहिरातीचाच असतो. आणि स्थानिक केंद्राची जाहिरात आली की तो कोपराही जातो, कारण ती तिथूनच घातलेली असते, पडदा अख्खा तिचाच. हे मला त्यानेच सांगितलं. शेवटच्या फेरीत पुढचे सगळे एकमेकांत घुसले आणि नवव्या नंबरवर असलेला विल्यम बायरन मागून येऊन जिंकला. मला निकाल कधीचा माहीत होता, तरी मी उठून उभा राहिलो. जाताना बायकोने दिलेला चिवडा ठेवला. तो म्हणाला छान आहे, आणि पाण्याची दुसरी बाटली उघडली.

त्या पिकअप ट्रकचं वाक्यही एकदाचं पूर्ण ऐकलं. "कारण तुम्ही थांबत नाही." दोन महिने यासाठी.

त्यापुढचं काम अगदी सरळ झालं. मेमधली कोका-कोला ६०० ही प्राइमची पहिली शर्यत आणि माझ्या अंगणातली. सहाशे मैल म्हणजे ४०० फेऱ्या, संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपते. मध्यावर गाड्या थांबवून शहीद सैनिकांसाठी मौन पाळतात, तेव्हा आमच्या गल्लीतही शांतता होते. स्ट्रीमिंगची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. चित्र मागून येतं. खिडकी उघडी होती, ट्रॅकचा घोंघाट आत येत होता. तो एकदम खाली बसला की समजायचं पिवळा झेंडा, आणि पडद्यावर गाड्या अजून सुसाट. खिडकी लावून घ्या. रेडिओवरचं समालोचन लावून टीव्हीचा आवाज बंद करायची इथे जुनी सवय आहे, तीही स्ट्रीमिंगवर याच कारणाने फसते, अँटेनावर बरी जमते. बायरनने २८३ फेऱ्या आघाडी घेतली आणि शेवटच्या सहा फेऱ्या उरताना रॉस चॅस्टेनने त्याला गाठलं. चॅस्टेन सरावात गाडी फोडून सगळ्यात शेवटून, चाळिसावा निघाला होता. कलिंगडं पिकवणाऱ्या घरातला आहे, जिंकला की ट्रॅकवर कलिंगड आपटतो. हे सगळं थांबून, शर्यतीनंतरही घाई न करता दाखवलं, म्हणून परीक्षणात प्राइमला मी वरचे गुण दिले. शेजारी अजून मानत नाही.

लेख ऑगस्टमध्ये दिला, ठरलेल्या शब्दांपेक्षा सहाशेने जास्त. वहिनींनी एकही शब्द कापला नाही. अंक हातात आला तेव्हा मी थेट माझं पान उघडलं. बायरन नववा आहे, शेवटची फेरी सुरू आहे, आणि वाक्य अर्ध्यावर असताना समोर पूर्ण पान एका घरं विकणाऱ्या एजंटचं. हसरा चेहरा, फोन नंबर, खाली बारीक अक्षरांत: लेखाचा उर्वरित भाग पान ६१ वर.

वहिनींना फोन केला. "भावजी," त्या म्हणाल्या, "त्या पानावर अख्खा अंक छापून निघालाय."